तुम्ही विचारलंत म्हणून: बी.एड. झालेला शिक्षक अकाउंट्स जास्त चांगलं शिकवतो का?

लग्नात, एसटीत, पेपर तपासायला गेलं तर तिथेही मला हाच प्रश्न येतो. "मॅडम, तुम्ही इतकी वर्षं बी.एड. करणाऱ्या कॉमर्सच्या छात्राध्यापकांचे सराव पाठ तपासताय. खरं सांगा, बी.एड.चा काही उपयोग होतो का?" विचारणाऱ्याला बहुतेक वेळा 'नाही' ऐकायचं असतं. मी मात्र 'हो' म्हणत आले, आणि तेही चिडून.

चिडण्याला कारण आहे. विषय आला की शिकवता येतं, असं म्हणणाऱ्यांनी तसा वर्ग पाहिलेला नसतो. मी पाहिलाय. सीएच्या ऑफिसात उमेदवारी केलेले, जीएसटी आणि टॅली तोंडपाठ असलेले एक गृहस्थ तासिका तत्त्वावर आले होते. फळ्याकडे तोंड करून त्यांनी एका तासात घसाऱ्याची, म्हणजे वापराने घटणाऱ्या मालमत्तेच्या किमतीची, तीन उदाहरणं सोडवली. मुलांनी ती उतरवून घेतली. दरवर्षी सारखा घसारा कधी धरायचा आणि उरलेल्या किमतीवर कधी, हे मागच्या बाकांपर्यंत पोचलंच नाही. प्रशिक्षण घेतलेली मुलगी निदान वळून बघते, मुलांना विचारते.

"मग निकालावरून ठरवा की," असंही सुचवतात. २०२५ला बारावी वाणिज्यचा राज्याचा निकाल ९२.६८ टक्के लागला. त्यात शिक्षकाचा वाटा किती, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या क्लासचा किती आणि कॉलेजनेच द्यायच्या वीस गुणांचा किती, हे मला कुणीतरी वेगळं काढून दाखवावं.

तरीही माझा 'हो' पूर्वीसारखा ठाम राहिलेला नाही. त्याला कारण अकरावीचा एक पाठ.

घटक रोजकीर्द, म्हणजे व्यवहार पहिल्यांदा नोंदवायची वही. छात्राध्यापिकेची तयारी चोख होती. पाठाचं टाचण नीट, भिंतीवर लावायचा तक्ता सुंदर, प्रस्तावनेचे प्रश्न नेमके, आज काय शिकायचं ते सांगणारं हेतुकथन स्पष्ट. तिने फळ्यावर व्यवहार लिहिला: बँकेत ५,००० रुपये भरले. खाली नोंद केली: बँक खाते नावे (डेबिट), रोख खाते जमा (क्रेडिट). तिसऱ्या बाकावरचा मुलगा उभा राहिला. त्याची आई कपिलतीर्थ मंडईत भाजी विकते, हे मला नंतर कळलं. तो म्हणाला, "मॅडम, आईच्या पिग्मीच्या पासबुकात भरलेलं पैसं जमाच्या बाजूला असत्यात. मग हितं बँक नावे कशी?"

अकाउंट्स शिकवणाऱ्याला याहून चांगला प्रश्न मिळत नाही. पासबुक ही आपली वही नाही, बँकेची वही आहे. बँक आपलं देणं लागते, म्हणून तिच्या वहीत आपण जमा आणि आपल्या वहीत ती नावे. हे एकदा उमगलं की आपली वही आणि पासबुक यांचा मेळ घालणारं पुढचं बँक जुळवणी पत्रक सोपं जातं. नाही उमगलं, तर मूल ते पत्रक वर्षभर पाठ करत बसतं.

ती म्हणाली, "छान प्रश्न. आपण शेवटी बघू." मुलांना प्रोत्साहन द्यायच्या प्रबलन कौशल्यात शिकवतात तशी शाबासकीही दिली. मग पाठाची उजळणी करणारं संकलन झालं, गृहपाठ झाला, घंटा झाली. मुलगा कधीच खाली बसला होता.

मी मागच्या बाकावर बसून होते. उत्तर मला येत होतं. निरीक्षकाने पाठात बोलायचं नसतं. गुण द्यायच्या माझ्या निरीक्षण-तक्त्यात 'विद्यार्थ्यांचा सहभाग' हा रकाना होता, आणि त्यात मी पाचपैकी पाच दिले. का, तर मुलाने प्रश्न विचारला होता. प्रश्नाला उत्तर मिळालं का, असा रकानाच नव्हता. एकूण पन्नासपैकी त्रेचाळीस. नंतरच्या चर्चेत मी तिला काय सांगितलं? तिच्या भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं थोडी मोठी हवी होती.

ती जाता जाता हळूच म्हणाली, "मॅडम, त्या मुलाला मी नक्की काय उत्तर द्यायला हवं होतं?" तिलाही माहीत नव्हतं. एम.कॉम. झालेली मुलगी. मी दोन मिनिटांत सांगितलं, तिने टाचणामागे लिहून घेतलं. तिचा पुढचा पाठ दुसऱ्या तुकडीवर होता. त्या मुलाकडे परत कुणी गेलं नाही. मीही नाही. ते कॉलेज माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे.

आता तुम्ही म्हणाल, दोष निरीक्षण-तक्त्याचा. मीही बरेच दिवस तेच म्हणत होते. सकाळभरात चार पाठ, चार तक्ते, कार्यालयाला गुण संध्याकाळपर्यंत हवेत. हे सगळं खरं आहे. पण पेन माझ्या हातात होतं. आणि बैठकीत उभं राहून "विषयज्ञान गृहीत धरा, आपण कौशल्यं मोजू" असं म्हणणारीही मीच होते. २०१५पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, तेव्हा मला वाटलं, आता विषय खोलवर करायला वेळ मिळेल. मी पाहिलं त्यात फाइली वाढल्या. तरी त्या मुलीला वर्ग धरून ठेवता येत होता, तिने मुलाला गप्प बस म्हटलं नाही, हे प्रशिक्षणानेच दिलं, हेही मी सोडायला तयार नाही. सीएच्या ऑफिसातून आलेल्या त्या गृहस्थांच्या वर्गात तो मुलगा उभाच राहिला नसता.

हल्ली मी निरीक्षण-तक्त्याच्या समासात मुलांनी विचारलेले प्रश्न लिहिते आणि शेजारी 'उत्तर दिलं' किंवा 'नाही'. गुणांच्या बेरजेत ते धरलं जात नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाठ आहेत, पुन्हा अकरावी, पुन्हा रोजकीर्द. असा प्रश्न परत आला आणि छात्राध्यापिका अडली, तर मागच्या बाकावरून उठावं का? उठले तर तिचा वर्ग तिच्या हातून जातो. बसून राहिले तर काय होतं, ते मी एकदा पाहिलंय.