दहापैकी पाच

“निदान अजून पक्के झालेले नाही म्हणता, मग औषध नेमके कशावर घेता?” हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत मला अनेकांनी, आणि बहुतेक वेळा खऱ्या काळजीने, विचारला आहे. उभ्या उभ्या दिलेले उत्तर अपुरे पडते आणि ऐकणाऱ्याचा समज असा होतो की एक तर डॉक्टरांना काही कळलेले नाही, किंवा मी काही लपवते आहे. दोन्ही खरे नाही, म्हणून माझ्या सांध्यांच्या दुखण्याबद्दल हे सविस्तर लिहीत आहे.

दुखणे सुरू झाले ते दोन्ही हातांच्या तर्जनीच्या आणि मधल्या बोटाच्या मुळाशी, आणि उजव्या मनगटात. सकाळी मूठ वळत नसे; तास-दीड तासाने बोटे हळूहळू सैल होत. झिजलेला सांधा वापरला की दुखतो आणि विश्रांतीने शांत होतो, माझे सांधे मात्र विश्रांतीनंतरच जास्त आखडत. हा फरक संधिवाततज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत समजावला. तो समजणे फार गरजेचे आहे, कारण ‘संधिवात’ हा एकच शब्द आपण उतारवयातल्या गुडघेदुखीसाठीही वापरतो आणि शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते त्या आजारासाठीही. या दुसऱ्याला काही जण आमवात म्हणतात. दवाखान्यात त्याचे नाव रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, किंवा नुसते ‘आरए’.

हा आजार एखाद्या रक्ततपासणीने हो किंवा नाही असा ठरत नाही. आरए फॅक्टर हे रक्तातील प्रतिपिंड (शरीराच्या प्रतिकारशक्तीने बनवलेले प्रथिन); तो काही निरोगी माणसांतही सापडतो, वय वाढते तसा अधिक सापडतो, आणि हिपॅटायटिस सी सारख्या वेगळ्याच आजारातही सापडतो. अँटी-सीसीपी ही दुसऱ्या एका प्रतिपिंडाची तपासणी त्याहून नेमकी आहे, पण ती नकारात्मक आली म्हणून आजार नाही असे म्हणता येत नाही, कारण शंभरातील सुमारे वीस ते तीस रुग्णांच्या रक्तात या दोन्हींपैकी काहीच आढळत नाही. माझ्या दोन्ही तपासण्या नकारात्मक आल्या. “रिपोर्ट चांगला आहे, मग दुखते कसे?” असे मला तेव्हा विचारले गेले आणि त्याने मी फार दुखावले, हेही इथे सांगितले पाहिजे.

अमेरिकेतील आणि युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१० मध्ये मिळून काही निकष ठरवले. कोणते आणि किती सांधे धरले आहेत, रक्तात प्रतिपिंडे आहेत का, ईएसआर किंवा सीआरपी (रक्तातून दाह मोजणाऱ्या तपासण्या) वाढले आहे का, आणि त्रास सहा आठवडे टिकला आहे का, यांना गुण दिले जातात आणि दहापैकी सहा गुण झाले की तो रुमॅटॉइड आर्थ्रायटिस धरला जातो. माझ्या पाच लहान सांध्यांचे तीन गुण, वाढलेल्या सीआरपीचा एक आणि कालावधीचा एक, असे पाच झाले. निकष मुळात संशोधनासाठी रुग्णांचे गट पाडता यावेत म्हणून केलेले आहेत, एकेका माणसाचा निवाडा करण्यासाठी नाहीत, हे डॉक्टरांनी बजावून सांगितले. तरी तो एक गुण मी कित्येक रात्री मोजत राहिले. माझ्या कागदावर जे लिहिले आहे त्याचा अर्थ ‘सांध्यांचा दाह, प्रकार अद्याप अनिश्चित’ एवढाच. अशा दाहाचे पुढे काहींच्या बाबतीत आरएमध्ये रूपांतर होते, काहींचे निदान दुसरेच निघते आणि काहींचा आपोआप ओसरतो. डॉक्टरांना कळत नाही असे नाही, आजाराचेच अजून ठरलेले नाही.

मग औषध का? कारण सूज खरी आहे. सोनोग्राफीत मनगटाचे सुजलेले अस्तर मी स्वतः पाहिले. अशी सूज टिकून राहिली तर हाडाच्या कडा कुरतडल्या जातात, आणि ती झालेली हानी औषधाने भरून येत नाही. नाव मिळेपर्यंत थांबायचे म्हणजे काही वेळा ती हानी एक्स-रेमध्ये उमटेपर्यंत थांबायचे. म्हणून मेथोट्रेक्सेट हे उलटलेल्या प्रतिकारशक्तीला आवर घालणारे औषध सुरू झाले: आठवड्यातून एकाच ठरलेल्या वारी, सोबत फोलिक अ‍ॅसिड, आणि ठराविक काळाने यकृताच्या व रक्तपेशींच्या तपासण्या. (हे औषध चुकून रोज घेतले गेले तर जिवावर बेतू शकते, म्हणून माझ्या डबीवर वार मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे.) औषधाचा गुण यायला सुमारे दहा आठवडे लागले, आणि मग एका सकाळी नळ सहज फिरवला गेला.

या उपचारात एक पेच आहे आणि तो मला सर्वांत जड जातो. सूज औषधाने उतरली की ती तशीही उतरणार होती, हे मला कधीच कळणार नाही. माझ्या हातांच्या आणि पावलांच्या एक्स-रेमध्ये अजून काहीही दिसत नाही. हे उपचाराचे यश असेल, किंवा तो आजार मला कधी नव्हताच असेही असेल. दोन्हींची फिल्म सारखीच दिसते.

पहिल्या वर्षी अँटी-सीसीपीची तपासणी पुन्हा झाली तेव्हा, अहवाल येईपर्यंतचे दोन दिवस, ती सकारात्मक यावी अशी माझी इच्छा होती. म्हणजे नाव मिळेल, लोकांना एका शब्दात सांगता येईल, आणि माझे दुखणे खरे आहे याबद्दल कोणी शंका घेणार नाही. ही तपासणी सकारात्मक असलेल्यांत सांध्यांची हानी अधिक होण्याचा संभव असतो, हे ठाऊक असूनही मला तसे वाटत होते. शंकेचा ताण माणसाकडून काय मागवून घेतो ते तेव्हा मला कळले.

आता वर्षभर सूज नाही. औषधाची मात्रा हळूहळू कमी करून पाहू, असे डॉक्टरांनी मागच्या भेटीत सुचवले आणि मी होकार दिला आहे. सूज परतली तर तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळेल. ते मिळू नये, असे मला आता मनापासून वाटते.