कॅटालिटिक कन्व्हर्टर का तापतो, हे त्याच्या आधी, इंजिनाकडे शोधावे

जुन्या पेट्रोल गाडीचा कॅटालिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा धुराच्या पाइपमधला डबा, प्रमाणाबाहेर तापत असेल, तर तो बदलण्याआधी त्याच्याकडे न जळलेले पेट्रोल कुठून येत आहे हे शोधावे, असे माझे ठाम मत आहे. माझ्या आतेभावाची २००७ सालची हॅचबॅक खंबाटकी घाटात पिकअप सोडत असे, पुढच्या सीटखालची मॅट चटका बसण्याइतकी गरम होई आणि गाडी थांबवली की कुजलेल्या अंड्यासारखा वास येई. एका गॅरेजमध्ये त्याला सांगण्यात आले, की कन्व्हर्टर गेला आहे. नवा घ्या, नाहीतर आतली जाळी काढून रिकामा करून देतो. मूळ दोष तसाच ठेवून नवा बसवला असता, तर तोही जळाला असता. रिकामा करणे तर नियमाविरुद्ध आहेच, पण त्या गाडीमागून चालणाऱ्या प्रत्येकाच्या श्वासाशी तो खेळ आहे, आणि हा सल्ला आपल्याकडे इतक्या सहजपणे दिला जातो याचे मला मनापासून वाईट वाटते.

कन्व्हर्टरच्या पत्र्याच्या डब्यात सिरॅमिकची बारीक छिद्रांची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व रोडियम या धातूंचा अतिशय पातळ थर असतो. साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तो काम करू लागतो आणि ४०० ते ८०० अंशांच्या टप्प्यात सुखाने चालतो. ९०० ते १००० अंशांच्या पुढे मात्र हा थर खराब होऊ लागतो, आणि तापमान १४०० च्या पलीकडे गेले तर जाळीच वितळून धुराची वाट अडवते. एवढी उष्णता इंजिनातून थेट येत नाही, ती कन्व्हर्टरच्या आतच तयार होते. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही, म्हणजे गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ करू लागली, की त्या सिलिंडरमधले पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन असे दोन्ही एकत्र बाहेर पडतात आणि जाळीवर पोहोचताच तिथे जळतात. त्यातून धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरची दिशाभूल होते. त्याला पेट्रोल कळत नाही, ऑक्सिजन तेवढा कळतो; त्यामुळे पेट्रोल-हवेचे मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, आहे असे समजून इंजिनाचा संगणक उरलेल्या सिलिंडरांनाही जास्त पेट्रोल देतो आणि कन्व्हर्टर आणखी तापतो.

तपासणीची सुरुवात तापमानापासून करावी. कोविडच्या काळात घरोघरी आलेली कपाळावर धरायची गन इथे उपयोगाची नाही. किमान ५०० अंशांपर्यंत मोजणारी टेंपरेचर गन लागते. इंजिन पूर्ण तापल्यावर कन्व्हर्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या पाइपवर, चकचकीत जागा टाळून गंजलेल्या किंवा काळवंडलेल्या भागावर, तापमान घ्यावे. चांगल्या कन्व्हर्टरची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा काही दहा-वीस अंशांनी गरम असते. हा फरक शंभर-दोनशे अंशांच्या घरात गेला, तर आत पेट्रोल जळत आहे असे समजावे. पोलाद सुमारे ५२५ अंशांपुढे अंधारात लालसर दिसू लागते. जोरात चालवल्यानंतर इंजिनातून धूर बाहेर आणणारा मॅनिफोल्ड तसा दिसला तर लगेच घाबरायचे कारण नाही, पण कन्व्हर्टरचा डबाच लाल दिसला तर इंजिन बंद करावे आणि गाडी वाळलेल्या गवतावर मुळीच उभी करू नये. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून ही तपासणी कधीही करू नये.

यानंतर दोषी सिलिंडर शोधायचा. जुने मेकॅनिक चालू इंजिनावर एकेका ठिणगी देणाऱ्या प्लगची वायर ओढून पाहतात; कार्ब्युरेटरच्या आणि कन्व्हर्टर नसलेल्या गाड्यांच्या काळात ते ठीक होते, पण इथे वायर काढली की त्या सिलिंडरचे सगळे पेट्रोल सरळ कन्व्हर्टरमध्ये जाते. म्हणून सिलिंडरला पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचा कनेक्टर काढावा. ज्या सिलिंडरचा कनेक्टर काढूनही आयडलिंग फारसे उतरत नाही, तो आधीपासूनच नीट काम करत नव्हता. आतेभावाच्या गाडीत इंजिन थंड असताना काहीच जाणवत नसे. ते पूर्ण तापल्यावर हलका झटका येई, आणि तेव्हा तिसरा सिलिंडर सापडला. त्याचा प्लग पेट्रोलने ओला होता. अंधारात प्लगच्या वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला, तेव्हा तिसऱ्या वायरीतून इंजिनच्या लोखंडाकडे निळ्या ठिणग्या उडताना स्पष्ट दिसल्या. चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते आणि तडा गेलेल्या रबरातून ते बाहेर पळते. घाटातच त्रास का होत असे, याचे उत्तर तिथे मिळाले. सीएनजीला ठिणगीसाठी व्होल्टेज अधिक लागत असल्यामुळे किट बसवलेल्या जुन्या गाड्यांत हा दोष आणखी लवकर उघडा पडतो.

सर्व प्लग कोरड्या काजळीने काळे असतील, तर मिसिंगऐवजी रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेल्या, मिश्रणाचा संशय घ्यावा: गळणारा इंजेक्टर, इंजिन कायम थंड असल्याचे सांगणारा कूलंट सेन्सर, मंदावलेला ऑक्सिजन सेन्सर, आणि १९९५ नंतर महानगरांत विकल्या गेलेल्या कार्ब्युरेटर-कन्व्हर्टरच्या गाड्यांत अडकलेला चोक. पीयूसीची पावतीही वाचावी. हायड्रोकार्बन जास्त आणि कार्बन मोनॉक्साइड कमी असेल तर रोख मिसिंगकडे असतो, दोन्ही जास्त असतील तर रिच मिश्रणाकडे.

कन्व्हर्टर वाचला आहे का, हे अगदी शेवटी पाहायचे. तो थंड असताना रबरी हातोडीने हलके ठोकल्यावर आत खडखडाट झाला, तर जाळी फुटली आहे. मग इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डला तिथली ओढ मोजणारे व्हॅक्यूम गेज जोडावे. समुद्रसपाटीला आयडलिंगला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवणारे गेज पुण्यासारख्या सुमारे ५६० मीटर उंचीच्या गावी दोनेक इंच कमी दाखवते, हे लक्षात ठेवावे. रेस देऊन २५०० आरपीएम धरून ठेवल्यावर काटा हळूहळू खाली सरकत राहिला, तर वाट अडली आहे.

आतेभावाच्या गाडीत चारही वायरी आणि प्लग बदलले. त्यानंतर काटा स्थिर राहिला, खडखडाट नव्हता, पुढच्या-मागच्या तापमानातला फरक ताळ्यावर आला आणि घाटातला पिकअपही परतला, त्यामुळे जुनाच कन्व्हर्टर ठेवला आहे. दर हजार किलोमीटरला ऑइल किती उतरते ते डिपस्टिकवर पाहायला मात्र मी त्याला सांगितले आहे, कारण इंजिन ऑइल खात असेल तर त्यातला फॉस्फरस जाळीवर बसत जातो आणि तो काही केल्या निघत नाही.