माथेरानचं इंजिन, 16 मिमी मापात: अ‍ॅक्सल एकदाचा वळला

मंडळी, मागच्या नोंदीच्या वेळी माझ्या वाफेच्या इंजिनाच्या मॉडेलच्या चेसीचे (चाकं बसतात त्या खालच्या सांगाड्याचे) सुटे भाग टेबलावर पसरलेले होते. काल रात्री तीच चेसी 900 मिमी त्रिज्येच्या वळणातून कुठेही न अडकता गेली. मधले चार महिने जवळजवळ सगळे दोन अ‍ॅक्सलवर गेले, म्हणून आज मुख्यतः त्यांच्याबद्दलच लिहितो.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. नेरळ-माथेरान लाइन 1907 मध्ये सुरू झाली, तेव्हाच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीच्या 0-6-0 टँक इंजिनाचं (सहाही चाकांना जोर, पाण्याच्या टाक्या इंजिनावरच) हे मॉडेल आहे. लाइन दोन फुटी, म्हणजे दोन रुळांत दोन फुटांचं अंतर, त्यामुळे एका फुटाला 16 मिमी धरले की रूळ बरोबर 32 मिमीवर बसतात. इंजिन खऱ्या वाफेवर चालवायचं आहे.

अनेकांनी सुचवलं की तिन्ही अ‍ॅक्सल सरळ बसव, मधल्या चाकांची फ्लँज (चाकाला रुळावर धरून ठेवणारी कडा) काढून टाक, इंजिन वळेल. वळेलही. पण मग ते माथेरानचं इंजिन राहत नाही. अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी ही लाइन डोंगराच्या अंगानं वळसे घेत वर नेली, बोगदा फक्त एक. चढ 20 ला 1, म्हणजे 20 फूट पुढे गेलं की 1 फूट वर. एवढ्या चढावर पकड हवी तर सहाही चाकांना जोर मिळाला पाहिजे, आणि इतक्या आवळ वळणांत तीन ताठ अ‍ॅक्सल रुळांत जाम होणार. या दोन्ही गरजा एकाच वेळी भागवतो तो क्लीन-लिंडनर अ‍ॅक्सल. नेरळला उभ्या असलेल्या जुन्या इंजिनाशेजारी उकिडवा बसून मी कितीदा तरी खाली डोकावलोय. बाहेरून दिसतात फक्त फ्रेम, क्रँक आणि साइड रॉड (चाकांना एकमेकांशी जोडणारे दांडे). सगळी करामत आतल्या अंधारात.

रचना अशी. पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल दुहेरी असतो. आतला भरीव दांडा फ्रेमच्या बेअरिंगमध्ये ताठ फिरतो, क्रँक त्याच्या टोकांना. त्यावर एक पोकळ अ‍ॅक्सल, आणि चाकं या पोकळ अ‍ॅक्सलवर. दोघांचा सांधा बरोबर मध्यावर, गोळ्याचा. आतला दांडा जोर देतो, बाहेरचा वळणाप्रमाणे तिरका होतो आणि बाजूला सरकतो.

माझ्या चेसीत टोकाचा अ‍ॅक्सल मधल्यापासून 40 मिमीवर आहे. 900 मिमीच्या वळणात त्याला साधारण अडीच अंश तिरकं व्हावं लागतं आणि 0.9 मिमी बाजूला सरकावं लागतं. 4 मिमीचा दांडा, आत 6 मिमी भोक असलेली 28 मिमी लांबीची नळी, म्हणजे चार अंशांपर्यंत जागा मिळते. पुरेशी.

गोळ्यासाठी बेअरिंगची 6 मिमीची गोळी घेतली. ती इतकी कडक की ड्रिल नुसतं वरून घसरायचं. शेवटी लालबुंद तापवून रात्रभर राखेत पुरून ठेवली, सकाळी पितळेच्या चिरलेल्या कॉलरमध्ये धरून लेथवर भोक पाडलं. मग गोळी आणि दांडा यांतून आरपार 1.5 मिमीची पिन, आणि पिनेची टोकं नळीच्या भोकांत.

इथे मी चुकलो. नळीची भोकं गोल ठेवली होती. पिन आडवी असताना नळी एका दिशेनं झुकते, अ‍ॅक्सल पाव फेरा फिरला की त्याच दिशेनं झुकायला नकार देते. वळणात प्रत्येक फेऱ्याला दोनदा अडकायचं. तीन आठवडे मी रुळांना दोष देत रूळ पुन्हा पुन्हा बसवले. मग एका रात्री अ‍ॅक्सल हातात धरून नुसता सावकाश फिरवत बसलो आणि बोटांना ते कळलं. गोल भोकांच्या जागी नळीच्या लांबीला समांतर अशा 4 मिमी लांब खाचा कानशीनं घातल्या. आता पिन जोर देते, पण झुकायला आणि सरकायला मोकळी आहे. कुणी करणार असाल तर पहिल्याच दिवशी खाचा घाला.

मोकळीक आली तशी सरळ रुळावर चाकं डावी-उजवी डोलायला लागली. मूळ इंजिनात अ‍ॅक्सल मध्यावर आणायला स्प्रिंगा असतात, तशा 0.3 मिमी तारेच्या दोन बसवल्या. डोलणं पुष्कळ कमी झालं.

बॉयलर: 50 मिमीची तांब्याची नळी, चांदीचा डाक. बुश (व्हॉल्व्ह वगैरे बसवायच्या आट्यांच्या कड्या) ब्राँझचे केले. पितळेचे लावू नका, गरम पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि धातू ठिसूळ होतो. चालवायचा दाब 40 पीएसआय (चौरस इंचाला पौंड), म्हणून पाण्यानं 80 वर तपासला. सेफ्टी व्हॉल्व्हच्या बुशाखाली एक बारीक थेंब दिसला, पुन्हा तापवून डाक लावला, दुसऱ्या वेळी काटा अर्धा तास हलला नाही. ही तपासणी पाण्यानंच करायची, हवेनं कधीही नाही. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे नळी फाटली तरी फवारा उडून दाब उतरतो. दाबलेली हवा तुकडे फेकते.

काल कंप्रेसरच्या हवेवर चेसी चालवली. सपाटीवर दोन डबे सहज ओढले. वळणात शिरताना पुढचा अ‍ॅक्सल आधी तिरका होतो, मग मागचा, हे मी जमिनीवर आडवा पडून किती वेळ पाहत होतो. 20 ला 1 चढावर मात्र दुसरा डबा लावला की चाकं जागेवर फिरतात. वजन कमी पडतंय. बाजूच्या टाक्यांत शिशाच्या पट्ट्या घालायच्या आहेत, पण पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलवर भार सारखा पडला पाहिजे. रविवारी दोन वजनकाट्यांवर चेसी ठेवून मोजतो आणि आकडे लिहितो.