मागच्या दिव्याचे निमित्त

काल संध्याकाळी इथे अमेरिकेत एका कृष्णवर्णीय सहकाऱ्याच्या गाडीतून परतत असताना मागे पोलिसांचे लाल-निळे दिवे लागले आणि त्याने एक शब्दही न बोलता गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले, काच खाली केली आणि दोन्ही हात बोटे पसरून स्टिअरिंगवर ठेवले. समोरच्या कप्प्यात हात घालण्याची वेळ येऊ नये म्हणून लायसन आणि कागदपत्रे त्याने सन व्हायझरलाच क्लिपने अडकवलेली होती.

कारण सांगितले गेले ते मागचा एक दिवा बंद असल्याचे. माझ्या गाडीचाही दिवा गेल्या वर्षी असाच गेला होता. तेव्हा मला (आणि मीही काही गोरी नाही) दोन मिनिटांत सोडले होते. याला मात्र गाडी कुणाची, कुठून आलात, कुठे चाललात, असे विचारून शेवटी डिकी उघडायला सांगितले. नकार द्यायचा हक्क त्याला होता, पण त्याने निमूटपणे उघडली. आत मुलाचे फुटबॉलचे बूट आणि एक छत्री होती.

रात्री झोप आली नाही. नियम खरोखर मोडलेला असेल, तर पोलिसाचा मनातला हेतू वेगळा असला तरी गाडी थांबवणे घटनाविरोधी ठरत नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्रेन खटल्यात १९९६ साली एकमताने दिला, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे, कारण बारीकसा नियम कुणाच्या हातून मोडत नाही? २०१६ मध्ये मिनेसोटा राज्यात फिलांडो कॅस्टील या कृष्णवर्णीय चालकाला थांबवले तेही ब्रेक लाइटचे कारण सांगून. प्रत्यक्षात त्यांचे रुंद नाक दरोड्यातल्या संशयितासारखे दिसते, असे अधिकाऱ्याने आधीच रेडिओवर कळवले होते. लायसन मागितल्यानंतर थोड्याच वेळात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्याआधी त्यांना चाळीसहून अधिक वेळा अडवलेले होते.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी देशभरातील सुमारे १० कोटी नोंदी तपासून २०२० मध्ये दाखवले की अंधार पडल्यावर, म्हणजे चालकाचा चेहरा दिसेनासा झाल्यावर, थांबवलेल्यांतले कृष्णवर्णीयांचे प्रमाण घटते. काल आम्हाला अडवले तेव्हा लख्ख उजेड होता.

आज सकाळी त्याने पार्किंगमध्येच नवा बल्ब बसवला आणि मला मागे उभे करून ब्रेक, रिव्हर्स, दोन्ही इंडिकेटर असे सगळे दिवे तपासून घेतले, आणि पुन्हा एकदा तपासून घेतले. कागद अजूनही व्हायझरलाच अडकवलेले आहेत.