ऊर्जासंक्रमणाची सुरुवात उपकेंद्रापासून

स्वच्छ ऊर्जेकडे वळण्याचा निर्णय झाला की सर्वप्रथम मेगावॅटचे आकडे जाहीर होतात. माझ्या मते महाराष्ट्रात या कामाचे नेतृत्व ज्याला करायचे आहे, त्याने गावाजवळच्या, विजेचा दाब ३३ हजार व्होल्टवरून ११ हजारांवर उतरवणाऱ्या ३३/११ केव्ही उपकेंद्रापासून सुरुवात करावी, कारण शेतीची वीज, तिचे अनुदान आणि त्यापायी उद्योगांवर पडणारा वाढीव दराचा बोजा या तिन्हींची गाठ तिथून शेतीपंपांकडे निघणाऱ्या वाहिनीवर, म्हणजे कृषिवाहिनीवर पडते.

वर्षानुवर्षे शेतीपंपांना काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री वीज मिळत आली आहे. रात्रपाळीत गव्हाला पाणी द्यायचे म्हणजे ऐन थंडीत एका हातात बॅटरी धरून दारे धरायची, चिखलातून एकेका वाफ्याचे तोंड बंद करून पुढचे उघडायचे आणि मध्येच फ्यूज उडाला की ओल्या पायांनी डीपीपर्यंत जायचे. जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात त्यात बिबट्याच्या भीतीची भर पडते. हे थांबवणे हाच मला या संक्रमणाचा पहिला हेतू वाटतो.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२३ पासून दुसऱ्या टप्प्यात गेलेल्या मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेची दिशा म्हणूनच मला पटते. उपकेंद्राच्या आसपासच्या जमिनीवर काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज तिथल्याच कृषिवाहिन्यांना द्यायची, अशी ही रचना आहे. ही वीज युनिटमागे साधारण ३ रुपयांना पडते, ती लांबून वाहून आणावी लागत नसल्याने वहनातील गळती वाचते आणि शेतीपुरवठ्याचा खर्च उतरला की शेतीची वीज स्वस्त ठेवण्यासाठी उद्योगांच्या दरातून वसूल होणारी क्रॉस सबसिडी कमी करायला जागा मिळते.

अडचण येते ती जमिनीपाशी. उपकेंद्राजवळची सरकारी जमीन बहुतेक वेळा गायरान असते आणि भूमिहीन कुटुंबांच्या शेळ्या-मेंढ्या तिच्यावरच जगतात. मोजणी महसूल खात्याकडे, ठराव ग्रामपंचायतीकडे आणि जोडणी महावितरणकडे, अशा स्थितीत एकटे ऊर्जा खाते पुरे पडत नाही. मुख्यमंत्र्यांच्या पातळीवरून कोणीतरी दर आठवड्याला अडलेल्या जागांची यादी समोर घेऊन बसावे लागते. गावाला विश्वासात न घेता पोलीस बंदोबस्तात कुंपण घालणे मला सर्वस्वी अमान्य आहे, मग त्यासाठी प्रकल्प वर्षभर लांबला तरी चालेल. फुकट आणि दिवसाच्या विजेमुळे भूजलाचा उपसा वाढण्याचा धोकाही खरा आहे, म्हणून पुरवठ्याच्या तासांची मर्यादा कायम राहिली पाहिजे.

सूर्य मावळल्यानंतरची मागणी हा याहून अवघड प्रश्न आहे. १९६० मेगावॅटच्या कोयना प्रकल्पासाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीतंटा लवादाने ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली आहे. दुपारी सौर वीज मुबलक असताना हे पाणी राखून संध्याकाळी वापरले, तर त्याचे मोल वाढते. घाटघरच्या २५० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पासारख्या, म्हणजे शिल्लक विजेवर पाणी वरच्या जलाशयात चढवून गरजेच्या वेळी ते खाली सोडून वीज करणाऱ्या ठिकाणी पाणी वर चढवण्याची परंपरागत वेळ रात्रीची, कारण तेव्हा औष्णिक वीज शिल्लक असे. आता ती वेळ भर दुपारी आणायला हवी. नवे उदंचन प्रकल्प आणि बॅटरी साठवणूक यांचे नियोजन सौर निविदांच्या बरोबरीनेच व्हायला हवे.

कोळशावर जगणाऱ्या गावांविषयी मात्र फार कमी बोलले जाते, याचे मला वाईट वाटते. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे औष्णिक केंद्र बंद ठेवावे लागले, तेव्हा कायम कर्मचाऱ्यांची बदली होऊ शकत होती. कंत्राटी मजूर, राखेची वाहतूक करणारे आणि वसाहतीबाहेरचे दुकानदार यांना तशी सोय नसते. चंद्रपूरच्या २९२० मेगावॅटच्या केंद्राभोवती तर असे एक अख्खे अर्थकारण उभे आहे. जुन्या केंद्रांकडे जमीन, वीज बाहेरच्या वाहिन्यांना जोडणारे स्विचयार्ड आणि पारेषण वाहिन्या तयार आहेत, त्यामुळे बॅटरी साठवणूक प्रकल्प आधी तिथेच उभारावेत. एखादा संच बंद करण्याची तारीख ज्या आदेशात येईल, त्याच आदेशात तिथल्या कंत्राटी कामगारांचे प्रशिक्षण, त्या काळातील वेतन आणि त्यासाठीची तरतूद लिहिलेली असावी, आणि ती तरतूद संच थांबण्यापूर्वी जिल्ह्यात पोहोचलेली असावी.