आजच्यापुरता पाव

आमच्या वाड्यावर दिवस उजाडतो तो कोंबड्याच्या आरवण्याने नाही, पाव विकणाऱ्या पोदेराच्या भोंग्याने. पों-पों, पों-पों. सायकलच्या हँडलला रबरी भोंगा, मागे कॅरिअरवर बांबूची मोठी पाटी, तिच्यावर निळं प्लास्टिक आणि त्याखाली जाड कापड. पोदेराने कापडाचं एक टोक उचललं की वाफ थेट चष्म्यावर येते आणि क्षणभर काहीच दिसत नाही. त्या आंधळेपणातच मी सांगते, "सहा पाव, चार उंडे, दोन पोळयो." पोळयो सासऱ्यांसाठी, त्यांना साखर आहे. कोंड्याची ती पोळी खाताना त्यांचा चेहरा असा होतो, की डॉक्टरांना एकदा बोलावून दाखवावा.

माझं माहेर वसईचं. लग्न होऊन गोव्यात, साष्टीत आले तेव्हा सोबत मराठी प्रार्थना आणल्या. इथे घरात सगळं कोंकणीत. संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायला बसलं की "आमच्या बापा" सुरू व्हायचं, आणि मी मनातल्या मनात मराठीत पळत मागून यायची. "ख्रिस्ती आणि मराठी?" असं इथेही कोणीतरी विचारतंच. मग मी फादर स्टीफन्सना पुढे करते. जन्माने इंग्रज, इथे येऊन साष्टीत राहिलेले जेझुइट धर्मगुरू. त्यांचं ख्रिस्तपुराण मराठी ओवीत आहे आणि ते 1616 मध्ये छापलं गेलं ते इथल्याच राशोलला. एवढं सांगितलं की समोरचा चहा प्यायला लागतो.

तर, पळत मागून येताना एका ओळीला मी हमखास अडखळायचे. मराठीत आम्ही म्हणतो, आमची रोजची भाकर आज आम्हाला दे. लहानपणी माझ्या डोळ्यांसमोर आईची तांदळाची भाकरी असायची, कडेला तिच्या बोटांचे ठसे असलेली. देव स्वर्गात तवा तापवून बसलाय अशी माझी पक्की समजूत होती. इथे सासूबाई, म्हणजे मांय, म्हणतात, "आमचो दिसपट्टो गिरास आज आमकां दी." गिरास म्हणजे ग्रास, घास. भाकर नाही, पाव नाही, नुसता घास. मांयच्या आईने प्रार्थना शिकली ती पोर्तुगीजमधून, आणि तिच्या त्या ओळीत चक्क पाव आहे. आपण मराठीत म्हणतो तो पाव शब्दही तिथूनच आला. पायाने तुडवतात म्हणून पाव, ही आमच्या गल्लीतली जुनी थाप. म्हणजे एका घरात तीन पिढ्यांनी देवाकडे तीन वेगळ्या वस्तू मागितल्या, आणि देवाने तिघींनाही मुख्यतः शीत-कडी खायला घातली.

मूळ ग्रीकमध्ये तर आणखी गंमत आहे. "रोजची" असं आपण ज्याचं भाषांतर करतो तो शब्द बायबलच्या नव्या करारात या प्रार्थनेपलीकडे कुठे आढळत नाही. संत जेरोमनी बायबलचं लॅटिन करताना तोच शब्द लूकच्या शुभवर्तमानात "रोजची" असा घेतला आणि मत्तयच्या शुभवर्तमानात "सगळ्या पदार्थांपलीकडची" असा. मला यात जेरोमचा गोंधळ दिसत नाही, प्रामाणिकपणा दिसतो. सकाळी वाफाळता उंडो हातात घेतला की मलाही ते दोन्ही अर्थ एकदम पटतात.

मला त्या ओळीत खरा छळतो तो मात्र "आज". मी साठवणारी बाई आहे. आमच्या घरी मीठ संपायच्या आधी दोन पुड्या येतात, पावसाळ्याच्या तोंडावर सुकं बांगडं इतकं भरते की मांजरं माझ्याकडे आदराने बघतात. मला "आज दे" म्हणणं जमत नाही. माझी खरी प्रार्थना अशी: या महिन्याचं एकदम दे, मी डब्यात घालते, तू परत येण्याचे कष्ट घेऊ नकोस.

2025 मध्ये रमजान आणि आमचा उपवासकाळ, इथल्या भाषेत कोरेज्म, तीन दिवसांच्या अंतराने लागले. आमचा आत्ताचा पोदेर कर्नाटकातला मुसलमान पोरगा. फोर्न आमच्याच वाड्यावरच्या एका जुन्या कुटुंबाचा, पण त्यांची मुलं गल्फात आणि लंडनला, म्हणून भट्टी चालवायला दिलेली. गोव्यात हे आता बऱ्याच ठिकाणी दिसतं. तर शनिवारी संध्याकाळी हा पोरगा सांगून गेला, "आंटी, उद्या बहुतेक गावाला जाणार." झालं. मी तिथेच तीस पाव घेतले. मांयनी बाल्कांवावरून, म्हणजे दारासमोरच्या ओट्यावरून, विचारलं, "इतले कोणाक?" मी म्हटलं, असू देत. दुसऱ्या दिवशी पहाटे पों-पों. बस चुकली होती म्हणे.

त्या रविवारी, 9 मार्चला, मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, शुभवर्तमान होतं अरण्यातल्या परीक्षेचं. चाळीस दिवस उपाशी असलेल्या येशूला सैतान सांगतो, या धोंड्याला भाकर व्हायला सांग. आणि येशू उत्तर देतो, मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही. फादर चांगलं बोलत होते, पण माझं लक्ष घरी. अर्धे पाव मी प्लास्टिकच्या पिशवीत बांधले होते, अर्धे पाटीत फडक्याखाली. सोमवारी फडक्याखालचे असे झाले की टेबलावर ठेवताना टक्क आवाज यायचा. सैतानाने धोंड्याची भाकर करून दाखव म्हटलं होतं, मी भाकरीचे पंधरा धोंडे करून दाखवले. पिशवीतल्यांवर मंगळवारी हिरवट बुरशी. मार्चमधला आमचा दमटपणा कोणाची भीड ठेवत नाही.

मग मी बायबलमधला निर्गमचा सोळावा अध्याय काढून वाचला. आकाशातून पडणारं अन्न, मान्ना, मोशेच्या लोकांनी वाळवंटात पहिल्यांदा बघितलं तेव्हा एकमेकांना विचारलं, "मान हू?", हे काय? आणि तेच नाव पडलं. ताटाकडे बघून "हे काय?" विचारणारी मुलं फक्त माझ्याच घरात नाहीत तर. मोशेने सांगितलं होतं, माणशी एक ओमर माप घ्या, उद्यासाठी ठेवू नका. काहींनी ठेवलाच. सकाळी त्यात किडे पडले आणि घाण सुटली. मोशे त्यांच्यावर रागावला, एवढंच तिथे लिहिलंय. ज्या बाईने तो ठेवला असेल, तिच्या मनात काय चाललं होतं ते कोणी लिहिलं नाही. मला माहीत आहे. तिला वाटलं असेल, उद्या तो नाही आला तर? तिच्या मागे मिसरची गुलामी होती, समोर वाळवंट. माझ्या मागे वसईतलं भरलेलं घर होतं आणि समोर फ्रीज, तरी आमचा विचार एकच. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायची परवानगी होती, शब्बाथसाठी, म्हणजे विश्रांतीच्या दिवसासाठी, आणि तो दुसऱ्या दिवसापर्यंत टिकायचा. शनिवारी तीस पाव घेताना मला हाच आधार घेता आला असता, पण तेव्हा आठवला नाही.

मांयनी बुरशीचे पाव बघितले, काही बोलल्या नाहीत. टेबलाखाली एक कडक उंडो घरंगळला होता, तो वाकून उचलला, ओठांना लावला आणि बाजूला ठेवला. पडलेल्या पावाशी त्या नेहमीच असं वागतात. मग पंधरा धोंडे घेऊन बसल्या. पाच हजारांचं जेवण झाल्यावर येशू म्हणतो ना, उरलेले तुकडे गोळा करा, काही वाया जाऊ नये. जो आत्ताच पाच भाकरींतून पाच हजारांना जेवू घालतो, त्याने उरलेल्या कोरक्यांची काळजी का करावी, हे मला पूर्वी कळायचं नाही. स्वयंपाकघर सांभाळणारी माणसं मात्र तशीच असतात. चार पाव दुधात गेले, अंडी, साखर, तळाला करपवलेल्या साखरेचा पाक, आणि संध्याकाळी पुडिंग. तीन भिजवून पिळून कटलेटात. बाकीचे उन्हात कडकडीत वाळवून कुटले, मासळीला लावायला. हिरवे झालेले तेवढे माडाच्या मुळाशी.

पाव इथे आला तो मिस्साच्या निमित्ताने, असं सांगतात. पोर्तुगिजांना गहू हवा होता, फुगवायला काही मिळेना, तेव्हा माडाची सूर, म्हणजे माडी, वापरली. माजोर्ड्याचे लोक हे पहिलेपण आपल्याकडे ओढतात, ओढू देत. गंमत अशी की मिस्सातली ओस्त मुळी फुगलेली नसतेच. नुसतं गव्हाचं पीठ आणि पाणी, पातळ पांढरी चकती. चर्चच्या कायद्यात तर कलमच आहे, 924: भाकर निव्वळ गव्हाची हवी आणि अलीकडेच केलेली, नासायची भीती नसलेली. रोमला बसलेल्या कायदेपंडितांनाही शिळ्याची भीती होती.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी पोदेराला उशीर झाला. सायकल पंक्चर. आमच्या फाटकाशी पोचला तेव्हा उजेड उतरत आला होता. पहाटेपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, आणि पाठीमागे शंभर गरम पावांचा वास. मी विचार करत होते, अरण्यात सैतानाला एवढी कल्पना सुचली नाही. त्याने पाटी टेकवली, इतक्यात त्याच्या खिशातल्या मोबाइलवर अजान वाजली. तो गोंधळला. एक हात कापडाखाली माझ्या पावांवर, दुसरा खिशाकडे. मी पर्स उघडून सुटे मोजत होते.

मांय आतून पाण्याचा तांब्या आणि एक केळं घेऊन आल्या होत्या. कधी उठल्या कळलंच नाही. तांब्या त्याच्या हातात दिला, माझ्या हातातली पर्स बंद केली.

"आदीं गिरास घे, पुता," त्या म्हणाल्या. "पैशे मागीर."

गिरास हा शब्द मी तोवर त्यांच्या तोंडून फक्त तेर्साच्या वेळी ऐकला होता. पोराने पाणी घेतलं, केळं सोललं, मग पाटीतलाच एक पाव काढून मधोमध तोडला. वाफ निघाली. बाल्कांवाच्या पायरीवर बसून तो खात होता, तोंड भरलेलं असतानाच त्याने मला खुणेने विचारलं, किती?

मी तीन बोटं दाखवली.