रोजच्या कामाला आणि लांब पल्ल्याला एकच सायकल घ्यायची असेल तर

गिअर किती, हे सगळे विचारतात. फ्रेम मापाची आहे का, हे क्वचितच कुणी विचारतं. सुरुवात तिथूनच करावी. फ्रेम मोठी असेल तर सीट खाली घेऊनही हँडल लांबच राहतं. मग मान अवघडते, तळहातांना मुंग्या येतात. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभे राहा, जांघेखाली 2-3 सेंमी जागा हवीच.

सीटची उंची अशी बघा: पेडल तळाला नेऊन त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा. चवडा ठेवल्यावर गुडघा आपोआप जरासा वाकतो. चालवताना कंबर डुलली तर सीट उंच आहे. गुडघा पुढून दुखला तर बहुधा खाली आहे.

टायर 32 ते 40 मिमी. अरुंद टायरमध्ये हवा जरा कमी झाली आणि खड्डा आला, की ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. स्वस्त सस्पेन्शनपेक्षा (धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगपेक्षा) रुंद टायर कधीही बरा. असं सस्पेन्शन नुसतं वजन वाढवतं आणि चढावर जोर खातं.

गिअरची संख्या सोडा, दाते मोजा. पुढचं सर्वांत लहान चक्र आणि मागचं सर्वांत मोठं चक्र सारख्या दात्यांचं असेल, समजा 34-34, तर सामानासकट बहुतेक चढ निघतात.

कॅरिअर आणि मडगार्डसाठी फ्रेमला आट्यांची भोकं आहेत ना, तेही बघा. फ्रेमची मागची बाजू आखूड असेल तर पेडल मारताना टाच कॅरिअरला लटकवलेल्या पिशवीला लागते.